बोटांनी छाटायच्या मिरच्या

मंगळवार, ७ फेब्रुवारी २०२३. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

मागच्या अंगणात उकिडवा बसून कात्री उकळत्या पाण्याने धूत होतो, तेव्हा आत्याने सांगितले, की यंदा मिरच्यांची छाटणी मी करायची. दरवर्षी ती स्वतः करते आणि मी फक्त कचरा उचलतो. कारण विचारले तर म्हणाली, "मी काय जन्माला पुरणार आहे का तुला?" असे ती साखर संपली तरी म्हणते, म्हणून मी त्यात काही विशेष धरले नाही.

न येणारे काम अंगावर आले की मला झोप लागत नाही. लिहून ठेवले की थोडी लागते. म्हणून ही वही. शाळा नववीत सुटली, पण माझे अक्षर चांगले आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या मालकांनी मला त्यावरच कामाला ठेवले आहे.

झाडे एकवीस. जमिनीत एकही नाही, कारण अंगणात फरशी आहे. तेलाचे डबे, फुटके टब आणि बादल्या यांत ती वाढतात. सगळ्यांत मोठे निळ्या बादलीत, तीन वर्षांचे, खोड अंगठ्याएवढे जाड. थंडीत पाने झडून आता सगळी खराट्यासारखी दिसतात. या दिवसांत छाटली तर दोन-तीन आठवड्यांत नवे फुटवे येतात आणि उन्हाळ्यात मिरच्या लागतात. त्या कोपऱ्यावरची भाजीवाली विकत घेते. त्यातून विजेचे बिल आणि किराणा निघतो. "मिरच्या आहेत तोवर मी कुणाची मिंधी नाही," असे आत्या म्हणते.

यंदा चुकून चालणार नाही. रविवारी २६ तारखेला दादा येणार आहे. दादा म्हणजे आत्याचा मुलगा. तो मोठ्या शहरात चौथ्या मजल्यावर राहतो आणि मोटारींचे सुटे भाग विकतो. हे घर मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, पश्चात त्याच्या नावावर आहे. नाक्यावरच्या औषधवाल्याला ते गोदामासाठी भाड्याने हवे आहे. दादा फोनवर आत्याला म्हणाला, "मी येऊन बघतो. तुझं नीट चाललं असेल तर राहा. नसेल तर सामान बांधायचं आणि माझ्याबरोबर यायचं." आत्या एकदा त्याच्याकडे महिनाभर राहायला गेली होती आणि चौथ्या दिवशी परत आली. म्हणाली, तिथे पाय जमिनीला लागत नाहीत.

ती गेली तर मी कुठे जायचे, हे कोणी बोलले नाही. मीही नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

पहिला धडा. खोड जिथे दोन फांद्यांत फुटते त्याला बेचके म्हणायचे. बेचक्याच्या खाली आलेले बारीक फुटवे काढून टाकायचे. वरच्या फांद्यांना दोन-दोन पेरे ठेवून बाकी कापायचे. वाळलेली फांदी मुळापासून काढायची, आतल्या बाजूला वळलेलीही काढायची. एक झाड झाले की कात्री पुन्हा उकळत्या पाण्यात, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला लागतो आणि पाने चुरडतात.

इथवर मला समजले. मग आत्या म्हणाली, "आणि डोळ्यांनी छाटू नकोस."

"मग कशाने?"

"बोटांनी. डोळे फसवतात. वरून वाळकी दिसते ती आतून ओली निघते. बोट लाव. ओली फांदी गार लागते, वाळकी लागत नाही."

ती प्रत्येक फांदीवरून बोट फिरवत खालपर्यंत जायची, तिथे अंगठा ठेवायची आणि अंगठ्याला लागून कात्री चालवायची. बघायला छान वाटत होते. मागच्या वर्षीही ती असेच करत होती का, ते आठवत नाही. मी तेव्हा कचरा उचलत होतो.

मी दोन झाडे केली. डोळे उघडे असले की लक्ष बोटांवरून उडते, म्हणून दुसऱ्याच्या वेळी डोळे मिटले. फरक पडला. ओली आणि वाळकी खरेच वेगळी लागते.

शनिवार, ११ फेब्रुवारी

मालकांकडून लवकर सुटलो. चार झाडे डोळे मिटून केली. डाव्या हाताची करंगळी थोडी कापली. पाचव्याला बसलो होतो तेव्हा भिंतीवरून आवाज आला.

"काय रे पाटीवाल्या, आंधळी कोशिंबीर खेळतोयस? गडी कुठायत बाकीचे?"

भाजीवाली होती. ती रस्त्याने जाताना भिंतीच्या खालच्या दगडावर चढून आत बघते. मी सांगितले, की आत्याने डोळ्यांनी छाटायला मनाई केली आहे.

"मग नाकाने छाट. नाक चांगलं लांब आहे तुझं." स्वतःच हसून झाल्यावर म्हणाली, "आणि तुझ्या आत्याला सांग, मागच्या दोन खेपांना हिरव्यात लाल मिरच्या घातल्यात तिने. गिऱ्हाईक मला बोलतं. इतकी वर्षं असं केलं नाही, आता काय म्हातारपणी चलाखी सुचली?"

मी निरोप दिला. आत्याने टोपलीतली एक मिरची उचलून बोटांत फिरवली. मग म्हणाली, "तिला म्हणावं, लाल झाली म्हणजे पिकली. पिकलेल्याला भाव जास्त देतात." मी तोही निरोप पोचवला. त्यावर भाजीवाली जे बोलली ते इथे लिहीत नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

निळ्या बादलीला आत्याने मला हात लावू दिला नाही. स्वतः बसली. बराच वेळ बोटे वरखाली फिरवली, अंगठा ठेवला आणि कात्री दाबली. कात्रीला जोर लागला. सगळा माथा एका तुकड्यात हातात आला. काप बेचक्याच्या खाली गेला होता. बादलीत वीतभर खोड राहिले, आत हिरवेगार.

आत्याने तो माथा मांडीवर घेतला आणि दोन फांद्या फुटतात तिथे बोट लावून बसली. मी विचारले, "आत्या, हे बेचक्याच्या खाली नाही का गेलं?"

"मोठ्या झाडाला खालूनच कापायचं असतं," ती म्हणाली. "जोर येतो." मग उठून आत गेली आणि चहा न घेता पडून राहिली. गुडघे दुखत असावेत.

हा नियम तिने बुधवारी सांगितला नव्हता. माझ्या लिहिण्यातून राहून गेला असता म्हणून लगेच लिहिले: जाड खोड असेल तर बेचक्याच्या खाली. संध्याकाळी खोडे चाचपून पाहिली. जाड म्हणता येतील अशी सहा होती. सहाही केली. हात चांगला बसू लागला आहे.

बुधवार, १५ फेब्रुवारी

दादाला दिसावे म्हणून फाटकासाठी एक पाटी करायला घेतली: "मिरचीची रोपे मिळतील." मालकांनी पत्र्याचा तुकडा फुकट दिला. पहिला पांढरा हात देऊन ती अंगणात वाळत ठेवली होती. आत्या जवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "वा, अक्षरं छान आलीयत."

अक्षरे अजून काढायची होती. तिला पांढरा हात म्हणायचे असावे. तो खरोखर एकसारखा बसला होता.

अलीकडे ती माझे कौतुक जास्त करते. काल माझ्या पानात दुसऱ्यांदा मीठ वाढले गेले, तेही मी काही न बोलता खाल्ले, तर म्हणाली, गुणी आहेस.

रविवार, १९ फेब्रुवारी

चौदा झाडांना हिरवे ठिपके आले आहेत. खालून कापलेल्या सातांना नाहीत. दादा यायला आठवडा आहे. मी आत्याला अंगणात बोलावले आणि सगळ्या झाडांवरून फिरवले.

"आलेत का फुटवे?" तिने विचारले. ती त्यांच्यासमोरच उभी होती.

"बघ ना."

"मी तुला विचारतेय."

मी उत्तर जुळवत होतो. जाड झाडे मेली असे एकदम कसे सांगायचे, याचा विचार करत तिच्या मागे उभा होतो. समोर दोरीवर माझा शर्ट वाळत होता. ती शर्टाला म्हणाली, "अरे, असा उभा काय राहिलास? तोंड उघड की."

मी शर्टाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि उत्तर दिले.

नंतर घरात येऊन बसलो आणि एकेक गोष्ट परत तपासली. लाल मिरच्या. पांढरी पाटी. मीठ. निळी बादली. बोटांनी छाटायचे हा छाटणीचा नियम नव्हता. तिला दुसरा इलाज नव्हता. आणि मी डोळे असून ते मिटून घेतले होते.

सहा झाडे मी कापली आहेत. ती चूक तिची म्हणता येणार नाही. तिला दिसत नव्हते.

सोमवार, २० फेब्रुवारी

दादाला सांगायचे नाही असे ठरवले. त्याला कळले तर तो त्याच दिवशी तिला घेऊन जाईल. तिला जायचे नाही. चौथ्या मजल्यावर दिसत असतानाही तिला चार दिवस काढवले नाहीत.

कोणाला विचारावे तर तेही नाही. औषधवाल्याला विचारणे म्हणजे घराची किल्ली त्याच्या हातात देणे. भाजीवालीला सांगितले तर दुपारपर्यंत कोथिंबिरीबरोबर सगळ्या गल्लीला मिळेल. मालक डोळ्यांबद्दल एवढेच म्हणतात, की गाजर खा. गेलेली नजर परत येत नाही एवढे मला माहीत आहे. तेव्हा आहे त्यात निभावायचे.

आत्यालाही मला कळले आहे हे सांगितलेले नाही. तिने लपवले आहे म्हणजे तिची तशी इच्छा आहे. आज मी मिठाचा डबा, साखरेचा डबा, काडेपेटी, तिच्या चपला, अंगणातली झारी या सगळ्यांच्या जागा पक्क्या केल्या आणि त्या मोडायच्या नाहीत असे ठरवले. मिरच्यांचे डबेही तिच्या सवयीच्या ओळीत लावले, निळी बादली पहिली. खोलीत शिरताना काहीतरी बोलत शिरतो, म्हणजे तिला कळते कोण आले.

"हल्ली फार बडबडतोस," ती म्हणाली.

"सवय लागलीय."

"बरी आहे. राहू दे."

तिच्या काही लक्षात आलेले नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

पाटी फाटकाला लावली. चौदा झाडे हिरवी दिसतात. छाटणीआधी तोडून ठेवलेल्या शेवटच्या मिरच्या भाजीवालीकडे गेल्या, त्या मी निवडल्या. ती म्हणाली, "सुधारली तुझी आत्या." मी हो म्हणालो.

आत्याने आज स्वतःहून दादाच्या खोलीची झाडलोट केली. कोपऱ्यात थोडा केर राहिला होता. ती झोपल्यावर मी काढला.

रविवार, २६ फेब्रुवारी

दादा सकाळच्या गाडीने आला. पूर्वीपेक्षा जाड झाला आहे. मला तो मास्तर म्हणतो, कारण लहानपणी मी त्याच्या पत्रांतल्या चुका लाल पेन्सिलने दाखवत असे.

"काय मास्तर, फाटकावर जाहिरात! धंदा जोरात दिसतोय."

मी त्याला खिडकीपाशी बसवले आणि मोठ्याने म्हणालो, "दादा, तू या खिडकीजवळच्या खुर्चीत बस." आत्या सरळ त्या खुर्चीपाशी गेली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "वाळलास रे," ती म्हणाली. तो वजन कमी करायच्या गोळ्या घेतो, त्यामुळे फार खूश झाला.

चहा ओतताना तिने कपाच्या काठावरून एक बोट आत ठेवले होते. दादाने विचारले, "आई, चहात बोट कशाला?"

"गरम आहे का बघतेय. लहानपणी जीभ भाजली की गल्ली गोळा करायचास."

दादा हसला. जेवताना मी, "दादा, तुझ्यापुढचं पाणी दे," "आत्या, तुझ्या उजव्या हाताशी डाळ आहे," असे सारखे बोलत होतो. दादा म्हणाला, "मास्तर, तू रेडिओवर का नाही जात? खेळाचं वर्णन करायला?"

संध्याकाळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच बरं चाललंय इथे. औषधवाल्याला थांबायला सांगतो." आज वही लिहिताना हात हलका आहे.

सोमवार, २७ फेब्रुवारी

दादा पहाटे उठला. आपण काहीतरी कामाला यावे म्हणून त्याने अंगण झाडले आणि मिरच्यांचे सगळे डबे उचलून समोरच्या भिंतीशी, उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवले. मी तेव्हा अंघोळीला गेलो होतो.

बाहेर आलो तेव्हा आत्या झारी घेऊन नेहमीच्या जागी उभी होती आणि रिकाम्या फरशीवर पाणी घालत होती. पहिल्या जागेवर थोडे, मग एक पाऊल सरकून दुसऱ्या जागेवर. म्हणत होती, "पी रे बाबा. चूक झाली माझी, तू नको धरून बसू." दादा मोरीच्या दारात दात घासत होता. ब्रश तोंडातच होता आणि फेस हनुवटीवर आला होता. मला वाटले मी काहीतरी मोठ्याने बोलावे. ओल्या टॉवेलाचे टोक पिळत राहिलो.

झारी रिकामी होईपर्यंत दादा थांबला. मग चूळ भरली.

"आई, पाणी कुणाला घालतेस?"

आत्या वळली नाही. पायाने पुढे चाचपले. "डबे हलवलेस का तू?"

"उन्हात ठेवले."

"विचारायचं तरी."

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"आई."

"पावसाळ्यापासून," ती म्हणाली. "आधी धुरकट दिसायचं. मला वाटलं, चष्म्याला तेलाचे हात लागलेत."

"आणि मला कळवावंसं वाटलं नाही?"

"कळवलं असतं तर उचलून नेलं असतंस."

"नेलंच असतं! त्यात काय पाप होतं?"

"घरात त्या औषधवाल्या मेल्याची खोकी भरली असती. आणि हा पोरगा कुठे गेला असता? दुसऱ्याच्या घरी त्याला झोप तरी लागते का?"

दादाने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुला ठाऊक होतं?"

"आठ दिवस."

"मग तुझी काय जीभ झडली होती?"

मी म्हणालो, की आत्याला इथून जायचे नव्हते म्हणून.

दादा एका पालथ्या टबावर बसला. "म्हणजे ही तुझ्यासाठी लपवतेय आणि तू हिच्यासाठी. आणि मी कालपासून मूर्खासारखा वाळलोय म्हणून खूश!" मग उठून तिला हाताला धरून उजेडात नेले, पापणी खाली ओढली आणि मोटारीचा दिवा तपासावा तसे आत वाकून पाहिले. "बुबुळात पांढरं दिसतंय. मोतीबिंदू आहे हा. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा काढला, तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाल्या, तुमच्या पडद्यांना धूळ आहे."

"काढता येतो?" मी विचारले.

"मग काय चौकटीत बसवून भिंतीला लावतात?"

हे मी कोणालाच विचारले नव्हते. विचारणे म्हणजे सांगणे, असे मला वाटले होते.

दादा फोन करायला बाहेर गेला. जाताना म्हणाला, "डोळा इथे करून घेऊ. नंतर तू माझ्याकडे यायचंस. आता या विषयावर मला कोणाचंही ऐकायचं नाही." आत्याने रिकामी झारी माझ्याकडे दिली. मी डबे जुन्या जागी आणून लावले. तसे करायला कोणी सांगितले नव्हते.

शुक्रवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी तपासले. मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत. त्या आत्यावर रागावल्या, पण फार नाही. उजवा आता, डावा महिन्याने. दादाने दुकानातून रजा वाढवून घेतली.

आत्याने त्यांना विचारले, "डोळा बरा झाला की मी एकटी राहू शकेन ना?" दादा म्हणाला, "आई." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काही माझ्या खात्यातलं नाही.

गुरुवार, ९ मार्च

उजव्या डोळ्याचे झाले. अर्धा तासही लागला नाही. मी बाहेर बाकावर होतो. समोरच्या पाटीवर "कृपया" चुकीचा लिहिला होता, तिकडे बघायचे टाळले. आत्या पट्टी लावून बाहेर आली आणि म्हणाली, भूक लागलीय.

शुक्रवार, १० मार्च

पट्टी काढली. घरी आल्यावर आत्याने काळा चष्मा लावून पहिल्यांदा माझ्याकडेच पाहिले.

"दाढी ठेवलीस?"

"चार महिने झाले."

"काढ. बोकड दिसतोस."

मग ती अंगणात गेली. मला हे टाळायचे होते, पण टाळता आले नाही. चौदा झाडांवर बोटभर पालवी आहे. त्यांच्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग वीतभर उंचीच्या खुंटांकडे वळली. ती एकेकापाशी गेली. निळ्या बादलीतले खोड तिने नखाने खरवडले. आत तपकिरी होते.

"हे माझं," ती म्हणाली. "एक पेर तरी राखायला हवं होतं. अंगठा चुकला. आणि ही सहा?"

"माझी."

"ती कशी चुकली?"

"चुकली नाहीत. तू म्हणालीस, मोठ्या झाडाला खालून कापलं की जोर येतो. मी लिहून ठेवलं होतं."

"अरे, मी लाज झाकायला बोलले ते!"

"ते नंतर कळलं."

"आणि तू मुद्दाम सहा झाडं..." तिला पुढे बोलता येईना. मला आधी वाटले रडते आहे. मी म्हणालो, "डोळे मिटून कापली. तू डोळ्यांनी छाटू नकोस म्हणाली होतीस." तेव्हा तिने भिंत धरली. इतकी हसली, की दादा आतून ओरडत आला, "आई, डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही सांगितलंय! मास्तर, काय बोललास तिला?" भिंतीवरून भाजीवालीचे डोके वर आले आणि काय झाले ते सांगा, मलाही सांगा, असे सुरू झाले. आत्याने तिला सगळे सांगितले. गल्लीला कळले आहे.

सहापैकी दोन खुंटांना पेरातून कोंब आले आहेत. चार गेले. आत्याने कात्री मागितली आणि राहिलेल्या झाडांपैकी एक मला पुन्हा शिकवले. या वेळी प्रत्येक काप घेण्याआधी म्हणायची, "बघ. नीट बघ. कुठे कापू?" मी बोट ठेवून दाखवायचो. तीनदा माझे बरोबर आले.

मंगळवार, १४ मार्च

दादाने सकाळी तिकिटे काढायला कोणता दिवस बरा, असे विचारले. आत्या थेंब घालायची वेळ झाली म्हणत उठून आत गेली.

संध्याकाळी मी मोरीत भांडी घासत होतो. ती दोघे स्वयंपाकघरात होती. नळ चालू असल्यामुळे सुरुवातीचे नीट ऐकू आले नाही. दादाचा आवाज चढला होता. "दरमहा चांगली रक्कम येतेय, आई, ती सोडू?" असे काहीसे होते. नळ बंद केला तेव्हा आत्या म्हणत होती, "तर मी येते. कुरकुर न करता येते, तू म्हणशील तितके दिवस राहते. नाहीतर मला उचलून न्यावं लागेल, आणि तुझी कंबर तेवढी राहिलेली नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा म्हणाला, "बरं. तसं."

काय ठरले ते मी विचारले नाही. मायलेकांचे बोलणे आहे.

गुरुवार, १६ मार्च

दोन बातम्या. रविवारी आत्या दादाबरोबर जाणार. डावा डोळा तिकडेच करून घेणार आणि तिकडेच राहणार. आणि दादा म्हणाला, की औषधवाल्याला नाही कळवले आहे, घर मी सांभाळायचे. औषधवाल्याला दुसरी जागा मिळाली असावी. नाक्यावर एक गाळा रिकामा आहे खरा.

मी आत्याला विचारले, तुला खरेच जायचे आहे का. ती चादरींच्या घड्या घालत होती. "नातवंडांत राहायला कोणाला नको असतं?" ती म्हणाली. पूर्वी ती पाय जमिनीला लागत नाहीत म्हणत असे. पण तेव्हा ती चारच दिवस राहिली होती. माणसाचे मत बदलते. मी तिच्याकडे नीट पाहिले. ती हसतच होती.

रविवार, १९ मार्च

दुपारच्या गाडीने गेली. निघताना तिने चपला हातात घेतल्या आणि अनवाणी अंगणात जाऊन आली. मी म्हणालो, फरशी तापलीय. म्हणाली, माहीत आहे. दादाने सामान रिक्षात चढवले. भाजीवाली निरोप द्यायला आली आणि आत्याशी भांडून गेली, की आता मी भाव कोणाशी करू, हा तर सांगेल ती किंमत मान्य करतो.

रिक्षा सुटता सुटता आत्याने डोके बाहेर काढले. "पहिलं फूल आलं की तोडून टाक," ती म्हणाली. "जीव लावू नकोस. झाड आधी वाढू दे." मी हो म्हणालो. हे आधी लिहून घ्यायचे राहिले होते.

दाढी काढली. घर शांत आहे. खोलीत शिरताना दोनदा मी मोठ्याने बोललो.

आजपर्यंतचा हिशेब.

खर्च. माती आणि शेणखत १४०. नवी कात्री २२०. पाटीचा रंग ६०. डोळ्यांत घालायचे थेंब ३१५, दादा नको म्हणत असताना मी दिले. एकूण ७३५.

देणे. मालकांकडून घेतलेली उचल ५००. भाजीवालीचे, पूर्वी लाल मिरच्या गेल्या त्याबद्दल, ती सांगते तसे ४०. घराचे भाडे: दादाला विचारले तर म्हणाला, आईशी बोल. आत्याला विचारले तर म्हणाली, ते दिलं गेलंय. कोणी दिले आणि किती, हे कळले नाही. पुढच्या रविवारी फोनवर विचारायचे. तोपर्यंत रकमेची जागा कोरी ठेवली आहे.